रुमाल टाकून उतरलेलं ॲप

गेल्या वर्षी आत्यासाठी एका ॲपवरून अर्ज भरत होतो. नाव, पत्ता, खाते क्रमांक, आयएफएससी कोड, वारसाचं नाव, सगळं झालं. शेवटी पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो हवा होता. कॅमेऱ्याच्या चित्रावर बोट टेकवलं, कॅमेरा उघडला, फोटो काढला, बरोबरची खूण दाबली. समोर आलं ते ॲपचं पहिलंच पान: ‘भाषा निवडा’. परत सगळं भरलं, परत तेच. तिसऱ्यांदाही तेच झालं तेव्हा आत्या म्हणाली, “माझा फोनच जुना झालाय रे.” धाकट्या भावाने तर तिला नवीन फोनची किंमतही सांगून टाकली.

फोनचा यात काडीचाही दोष नव्हता. तो नियमाने वागला. ॲप लिहिणाऱ्याने तो नियम एकतर वाचला नव्हता, किंवा वाचून सोडून दिला होता.

कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम उघडायचा आपण आणि बंद करायचाही आपणच. फोनवर यातलं पहिलं खरं, दुसरं नाही. आपण होमवर जातो, फोन घेतो, ओटीपी बघायला मेसेजमध्ये शिरतो. मागे राहिलेलं ॲप तेव्हा चालू असतं की बंद, हे ठरवते ऑपरेटिंग सिस्टिम. कधी ते पूर्ण जागं असतं, कधी गोठवलेलं, आणि कधी मेलेलं. गोठलेल्या ॲपला मारताना त्याला कळवण्याचीसुद्धा पद्धत नाही.

असं का ठरलं, त्याचं उत्तर जुन्या फोनच्या पोटात आहे. २००७ सालच्या पहिल्या आयफोनमध्ये मेमरी, म्हणजे रॅम, होती १२८ एमबी. २००८ साली आलेल्या पहिल्या अँड्रॉइड फोनमध्ये १९२ एमबी. आजच्या १२ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचा एक फोटो पडद्यावर दाखवण्यासाठी पूर्ण उलगडला, तर प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट धरून ४८ एमबी होतात. म्हणजे असे तीन फोटो पहिल्या आयफोनात मावलेच नसते. त्यात कॉम्प्युटरसारखा जास्तीचा माल डिस्कवर नेऊन ठेवायचा, तर फोनची फ्लॅश मेमरी वारंवार लिहून झिजते.

दोन कंपन्यांनी दोन वाटा धरल्या. ॲपलने बाहेरच्या ॲपना पाठीमागे चालायलाच मनाई केली: होम बटण दाबलं की ॲप बंद. ही बंदी २०१० मध्ये आयओएसच्या, म्हणजे आयफोनच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या, चौथ्या आवृत्तीबरोबर सैल झाली, तीही सगळ्यांसाठी नाही. आयफोन ३जी या जुन्या मॉडेलला तेव्हाही ती सवलत मिळाली नाही. अँड्रॉइडने सगळ्यांना आत घेतलं आणि जागा कमी पडली की एकेकाला उतरवायचं ठरवलं. आज खिशात ८ किंवा १२ जीबी रॅम असते, आयफोनही ॲप लगेच बंद करत नाही, तो आधी गोठवतो. पण जागा संपली की न सांगता उतरवायचं, हा नियम दोन्हीकडे कायम आहे.

कुणाला उतरवायचं ते अँड्रॉइडमध्ये एका आकड्यावर ठरतं. चालू असलेल्या प्रत्येक ॲपला तो मिळतो आणि आपल्या हालचालींप्रमाणे सतत बदलतो. पडद्यावर समोर असलेल्या ॲपचा आकडा ०. अर्धवट झाकलेलं पण दिसतंय, तर १००. दिसत नाही पण गाणं वाजवतंय, तर २००. होम स्क्रीन ६००. नुकतंच सोडून आलेलं ॲप ७००. त्याच्याही मागे पडून राहिलेली, आत्ता कुणालाच नको असलेली, ९०० च्या पुढे. मेमरीची चणचण भासली की मोठ्या आकड्यापासून सफाई सुरू होते. हे काम करणाऱ्याचं नावच ‘लो मेमरी किलर’ आहे. इंजिनिअर मंडळी बारसं करताना फारशी हळवी होत नाहीत.

आता आत्याचा अर्ज आठवा. कॅमेरा हे आपल्याला बटण वाटलं तरी ते वेगळं, स्वतंत्र ॲप असतं, आणि फोनमधल्या सगळ्यांत खादाड ॲपपैकी एक. ते समोर आलं, आकडा ० झाला. अर्जाचं ॲप ७०० वर गेलं. कॅमेऱ्याने मेमरी मागितली, ९०० वाले आधी संपले, तरी पुरेना, मग ७०० चा नंबर लागला. आपण इकडे पासबुक सरळ धरून फोटो काढतोय आणि ज्याच्यासाठी काढतोय ते ॲप मागच्या मागे गेलेलं आहे.

गंमत अशी की अँड्रॉइड इथे ॲपला वाऱ्यावर सोडत नाही. एसटीत आपण रुमाल टाकून चहाला खाली उतरतो ना, तशी सोय त्याने केली आहे. ॲप पडद्याआड जाताना त्याला विचारलं जातं, “काही ठेवून जायचंय का?” कोडमध्ये याचं नाव ऑन-सेव्ह-इन्स्टन्स-स्टेट. ॲपने तेव्हा एक छोटं गाठोडं बांधून द्यायचं: वापरणारा कुठल्या पानावर होता, कुठल्या चौकटीत काय लिहिलं होतं, फोटो कुठल्या फाइलमध्ये येणार आहे. ॲप मारलं गेलं तरी गाठोडं सिस्टिमकडे राहतं. आपण परत आलो की ॲप नव्याने जन्माला येतं आणि त्याच्या हातात पहिल्यांदा ते गाठोडं ठेवलं जातं. लिहिणारा शहाणा असेल तर आपल्याला मधला मृत्यू कळतसुद्धा नाही.

रुमालाच्या जागी ट्रंक ठेवता येत नाही, हे मात्र खरं. हे गाठोडं ज्या वाटेने सिस्टिमकडे जातं तिची क्षमता साधारण १ एमबी, आणि तीही त्या ॲपच्या इतर देवाणघेवाणीत वाटलेली. काही जण उत्साहाने त्यात आख्खा फोटो कोंबतात आणि मग ॲप उलट तिथेच कोसळतं. फोटो फाइलमध्ये ठेवावा, गाठोड्यात फक्त पत्ता.

आमच्या अर्जवाल्याने रुमालच टाकला नव्हता. कॅमेऱ्याने फोटो इमानदारीने परत आणून दिला, पण तो स्वीकारायला जे ॲप उठून बसलं त्याला ना अर्ज आठवत होता ना आत्या.

मग चाचणीत हे कसं सापडलं नाही? ॲप लिहिणाऱ्याच्या टेबलावरचा फोन बहुधा नवा, भरपूर रॅमचा असतो. त्यावर कॅमेरा उघडला तरी मागचं ॲप आरामात जिवंत राहतं, आणि चूक दिसतच नाही. ती दिसते चार वर्षं वापरलेल्या, गुड मॉर्निंगच्या संदेशांनी तुडुंब भरलेल्या फोनवर. म्हणजे दोष लिहिणाऱ्याचा आणि भोगणार ज्याच्याकडे स्वस्त फोन आहे तो. मला यात सगळ्यांत जास्त हेच खटकतं, कारण ही चूक पकडायची सोय अँड्रॉइडने कधीपासूनच दिली आहे. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये एक खटका आहे, ‘डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज’. तो चालू केला की पान नजरेआड होताच सिस्टिम ते मोडून टाकते. खरोखर ॲप मारलं जाण्याइतकं ते कठोर नाही, पण रुमाल टाकलाय की नाही ते पाच मिनिटांत कळतं.

अँड्रॉइडमध्ये एक पान, ज्याला ॲक्टिव्हिटी म्हणतात, ते ठरलेल्या पायऱ्यांनी जगतं. ऑन-क्रिएटला जन्म, ऑन-स्टार्टला दिसू लागणं, ऑन-रिझ्यूमला हाताळण्याजोगं होणं. परतीला ऑन-पॉज, ऑन-स्टॉप, आणि शेवटी ऑन-डिस्ट्रॉय. नवशिक्या माणूस नावं वाचून साहजिकच ठरवतो की आवराआवर शेवटच्या पायरीवर करू. पण ऑन-डिस्ट्रॉय येईलच याची हमी नाही. ॲप थेट मारलं गेलं तर ती पायरी येतच नाही. ऑन-पॉजमध्ये करावं, तर ते क्षणभराचं असतं आणि तिथे वेळ काढला तर पुढचं पान उघडायला अडतं. जपून ठेवण्याजोगं काम उरकायचं ते ऑन-स्टॉपमध्ये. खरं तर मजकूर टाइप होत असतानाच थोडा थोडा डेटाबेसमध्ये टाकत राहावं, म्हणजे शेवटी धावपळच उरत नाही.

ॲपचं पान मोडायला मृत्यूच लागतो असंही नाही. फोन आडवा केला तरी अँड्रॉइड चालू पान मोडून नव्याने बांधतं, कारण आडव्या पडद्याची मांडणी वेगळी असू शकते. यावर अनेकांनी शोधलेला उपाय म्हणजे ॲप उभंच ठेवायचं, फिरूच द्यायचं नाही. दाराला कुलूप लावून खिडकी उघडी ठेवण्यातला प्रकार. फोनची भाषा इंग्रजीवरून मराठी केली, डार्क मोड लागला, आजोबांसाठी अक्षर मोठं केलं, की पान तसंच नव्याने बांधलं जातं. आणि २०२५ च्या अँड्रॉइड १६ पासून, त्यासाठी बनवलेल्या ॲपचा हा ‘उभंच राहीन’चा हट्ट टॅबलेटसारख्या मोठ्या पडद्यांवर सिस्टिम ऐकतच नाही. गेम्सना सूट आहे.

आयफोनची तऱ्हा थोडी वेगळी. तिथे ॲप पाठीमागे जाताना आवराआवरीला सुमारे ५ सेकंद मिळतात. अर्धवट अपलोडसारखं काही असेल तर जास्त वेळ मागता येतो, पण ही मुदत वर्षागणिक आक्रसत आली आहे: एकेकाळी १० मिनिटं, मग आयओएस ७ पासून साधारण ३ मिनिटं, आणि आयओएस १३ पासून जेमतेम ३० सेकंद. वेळेत न आवरणाऱ्या ॲपला सिस्टिमचा राखणदार, म्हणजे ‘वॉचडॉग’, मारतो आणि अहवालात एक संकेत सोडतो. हे संकेत सोळाच्या पायावरच्या अंकांत लिहितात, ज्यात ए ते एफ ही अक्षरंही अंक म्हणून चालतात. त्याचा फायदा घेऊन कुणीतरी आठ, बी-ए-डी, एफ-शून्य-शून्य-डी असा आकडा निवडला: ‘एट बॅड फूड’. ॲपने काहीतरी शिळंपाकं खाल्लं म्हणायचं. डेटाबेसचं कुलूप मुठीत धरूनच झोपी जाणाऱ्या ॲपसाठी वेगळा आकडा आहे, तो ‘डेडलॉक’ असा वाचता येतो.

पाठीमागे जाणाऱ्या ॲपचा आयफोन एक फोटोही काढून ठेवतो, अलीकडची ॲप्स बघताना दिसतो तो. बँकेची ॲप्स नेमक्या त्याच क्षणी स्वतःवर पडदा ओढून घेतात, कारण शिल्लक रकमेचा फोटो कुणालाच नको असतो. अँड्रॉइडवर त्यासाठी वेगळी खूण आहे, तिनेच स्क्रीनशॉटही अडतो.

गोठण्यातून आणखी एक चूक निघते, ओटीपीच्या पानावरची. ‘३० सेकंदांनी पुन्हा पाठवा’ असा उलटा मोजणारा आकडा आपण बघतो, मेसेज बघून येतो, मिनिट उलटलेलं असतं आणि आकडा तिथेच २६ वर थबकलेला. गोठलेलं ॲप सेकंद मोजत नाही. मोजणाऱ्याने सेकंद मोजूच नयेत. मुदत किती वाजता संपते ते लिहून ठेवावं आणि जागं झाल्यावर घड्याळ बघावं. दहा ओळींचं काम आहे.

हे सगळं कळल्यावर अलीकडच्या ॲपच्या यादीतून एकेक वर सरकवून फेकण्याची सवय विचित्र वाटू लागते. घरोघरी कुणीतरी बॅटरी वाचवायला हे दिवसातून दहादा करतं. २०१६ मध्ये एका ग्राहकाने ॲपलला हाच प्रश्न ईमेलने विचारला होता आणि सॉफ्टवेअर विभागाचे प्रमुख क्रेग फेडेरिघी यांनी गरज नसल्याचं कळवलं होतं. गोठलेलं ॲप प्रोसेसर वापरत नाही. फेकलेलं ॲप पुन्हा पहिल्यापासून उभं करायला मात्र प्रोसेसर राबतो. शिवाय असं फेकलं की अँड्रॉइड तो रुमालही काढून घेतो. सिस्टिमने मारलं तर काहीच घडलं नाही असं भासवायचं. माणसाने स्वतः बंद केलं तर त्याला नव्याने सुरुवात हवी आहे असं समजायचं. हा भेद मला फार समंजस वाटतो.

आत्याच्या घरी चौथ्या वेळी मी आधी कॅमेरा उघडून पासबुकाचा फोटो काढून ठेवला, मग ॲप उघडलं, अर्ज भरला आणि फोटो गॅलरीतून निवडला. गॅलरीतून निवडण्याचं पान कॅमेऱ्याइतकं खादाड नसतं. मागे अर्ज जिवंत राहिला आणि एकदाचा सबमिट झाला. आत्याने चहा टाकला. नवीन फोनचा विषय भावाने पुन्हा काढला, तेव्हा तिने जुना फोन उशीखाली सरकवला.