मेनू आधी, रंग नंतर
(वेबसाइट बनवून घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

काम देताना बहुतेक जण लोगो आणि समुद्राचे फोटो घेऊन येतात. आम्ही पहिल्या भेटीत वेगळंच मागतो: फोनवर गिऱ्हाईक काय काय विचारतं, त्याची यादी. तारकर्लीत होमस्टे असेल तर प्रश्न ठरलेले. एसी खोली केवढ्याला? जेवणात मासे असतात का? कुडाळ स्टेशनवरून यायचं कसं? जुलैत स्कूबा चालू असतं का? साइटचा मेनू, म्हणजे पानांच्या नावांची यादी, यातूनच निघतो: खोल्या व दर, जेवण, कसे याल, संपर्क. पावसाळ्यात बोटी बंद असतात, हे दरांच्याच पानावर लिहा. बुकिंग झाल्यावर कळलं तर वाद होतात.

‘आमच्याविषयी’ शेवटी ठेवा. आजोबांनी वाडी कशी उभी केली ते लोक आवडीने वाचतात, पण दर कळल्यावर. आणि बटणाला ‘स्वर्गसुख’ असलं नाव नको. ते दाबल्यावर खोल्या उघडतील की फोटो, कोणाला कळणार?

हापूसवाल्यांसाठी थोडं वेगळं. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. तुमची त्यात नोंदणी असेल तर ती पेटीच्या दराशेजारीच दाखवा, ‘प्रमाणपत्रे’ नावाच्या पानात पुरू नका. हंगाम संपला म्हणून ऑर्डरचं पान काढूही नका. गेल्या वर्षी व्हॉट्सॲपवर फिरलेली लिंक कोणीतरी ऑगस्टमध्येही उघडतं. तिथे पुढच्या हंगामाची नोंदणी घ्या.

‘तीन क्लिकमध्ये सगळं मिळालं पाहिजे’ हा नियम तुम्ही ऐकला असेल. प्रत्यक्ष चाचण्यांत तो टिकलेला नाही. आपण योग्य वाटेवर आहोत असं वाटलं, तर माणूस चौथं क्लिकही करतो.

साइट उघडणार मोबाइलवर, तीही बऱ्याचदा भर उन्हात. त्यामुळे वाळूच्या फोटोवर पांढरी अक्षरं आम्ही टाकत नाही, कितीही आग्रह झाला तरी. वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठी डब्ल्यूसीएजी नावाची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत; त्यांच्या २०२३ च्या २.२ आवृत्तीत बटणाचं किमान माप २४ बाय २४ पिक्सेल आहे. आम्ही ४४ ठेवतो. फोन नंबर चित्रात नसतो, दाबला की फोन लागतो.

साइट चालू करण्याआधी ती कधीच न पाहिलेल्या दोघा-तिघांच्या हातात मोबाइल द्यायचा आणि विचारायचं, “चौघांना दोन रात्री राहायला किती पडतील?” तुम्ही शेजारी बसा, पण बोट दाखवू नका. ते जिथे अडतील, तिथली नावं आम्ही बदलतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत. नवीन पान वाढवायचं असेल तर मात्र आधी बोलून घेऊ.