ऑक्झॅलिक ॲसिड घेताय? वजन करायच्या आधी लेबल वाचा

पीयूसीचं, म्हणजे अकरावी-बारावीचं, केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल जवळ आलं की आमच्या केमिकलच्या दुकानात एकच तक्रार सुरू होते, तुमचं ऑक्झॅलिक ॲसिड खराब आहे, रीडिंगच जुळत नाही. खानापूर, निपाणीची मुलं तेवढ्यासाठी बसने बेळगावला परत येतात, त्यांचा अख्खा दिवस जातो, म्हणून हे लिहून पाकिटासोबत देतोय.

माल चांगला असतो हो, हिशोबात पाणी धरायचं राहिलेलं असतं.

किती ग्रॅम घ्यायचं त्याचं सूत्र सगळ्यांना पाठ आहे, मोलॅरिटी (एका लिटरमध्ये किती मोल) गुणिले रेणुवस्तुमान (एका मोलचं वजन) गुणिले लिटर. घोळ होतो तो रेणुवस्तुमानात. मोबाईलवर शोधलं की ९० येतं, ते कोरड्या, म्हणजे ॲनहायड्रस ॲसिडचं. शाळा-कॉलेजात वापरतात त्या खड्यात प्रत्येक रेणूमागे पाण्याचे २ रेणू बांधलेले असतात, त्यांचे ३६ मिळवले की १२६. हे पाणी डोळ्याला दिसत नाही, पावडर हाताला कोरडीच लागते, पण तराजू त्याचंही वजन धरतो. आता ०.१ मोलारचं २५० मिली करायचं तर ०.१ × १२६ × ०.२५, म्हणजे ३.१५ ग्रॅम पाहिजे. ९० धरणारा २.२५ ग्रॅमच घालतो आणि त्याचं द्रावण ०.०७१ मोलारचंच होतं. मग ०.०२ मोलार पोटॅशियम परमँगनेट ब्युरेटमध्ये, म्हणजे खुणांच्या नळीत, भरून १० मिली ऑक्झॅलिकला टायट्रेट केलं, म्हणजे रंग टिकेपर्यंत थेंब थेंब सोडलं, की २० मिलीला यायचा गुलाबी रंग १४.३ लाच येतो, आणि बोल आमच्या पाकिटाला.

मोहर सॉल्टचंही तसंच, त्यात पाण्याचे ६ रेणू, ३९२ धरायचं, २८४ नाही. निळा मोरचूद २४९.७. वॉशिंग सोडा खड्याचा असेल तर २८६, कोरडा सोडियम कार्बोनेट असेल तर १०६, इथे तर अडीचपटीहून जास्त फरक पडतो, म्हणून कुठला पाहिजे ते सरांना विचारूनच या.

अजून एक, २५० मिली पाणी मोजून त्यात पावडर टाकायची नाही. आधी थोड्या पाण्यात विरघळवून फ्लास्कमध्ये घ्या, मग खुणेपर्यंत पाणी भरा.

फोडलेलं पाकीट आम्ही परत घेत नाही, काही पालकांना ह्याचा राग येतो, पण हवा लागलेला माल दुसऱ्याच्या पोराला कसा द्यायचा, त्याचेही मार्क आहेत की. सल्फ्युरिक ॲसिडपण मुलांच्या हातात देत नाही, कॉलेजचं पत्र घेऊन मोठ्या माणसाने यावं.

आमच्या प्रत्येक पाकिटावर पाण्यासकट रेणुवस्तुमान हाताने लिहिलेलं असतं. किती मोलारचं किती मिली करायचं ते सांगितलंत तर तेवढ्याच वजनाची पुडी डिजिटल काट्यावर करून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. फक्त संध्याकाळच्या गर्दीत नको, सकाळी या, म्हणजे हिशोब तुमच्या वहीत तुमच्याकडूनच करून घेता येतो.