हायब्रिडवरून रोड बाईकवर येताय? आधी हवेचं बघा

हायब्रिड, म्हणजे रुंद टायरची रोजच्या वापराची सायकल, चालवून झाल्यावर आमच्या दुकानातून रोड बाईक, म्हणजे बारीक टायरची वेगाची सायकल, नेलेले ग्राहक पहिल्या महिन्याभरात परत येतात ते बहुधा एकाच कारणासाठी. मागचं चाक बसलेलं असतं आणि तक्रार ठरलेली असते: "हायब्रिडला वर्षभर पंक्चर नव्हतं, हिला आठवड्यात दोन. टायर हलका लावलात का?"

टायर हलका नसतो. आम्ही ट्यूब काढून तुमच्यासमोरच पाण्यात धरतो. बुडबुडे दोन ठिकाणांहून येतात, अगदी शेजारीशेजारी. खिळा किंवा काच घुसली तर भोक एकच पडतं. अशा जोडीच्या चिरा दिसल्या की समजायचं, चाक खड्ड्याच्या कडेवर आपटलं, टायर पार रिमपर्यंत दबला आणि ट्यूब मध्ये चिमटली. हे होतं हवा कमी असल्यामुळे. म्हणूनच असं पंक्चर आम्ही वॉरंटीत धरत नाही. यावर वाद घालणाऱ्यांना आम्ही ती ट्यूब घरी न्यायला देतो.

हायब्रिडने तुम्हाला वाईट सवय लावलेली असते. तिचा टायर ३५ ते ४० मिमी रुंद, त्यात हवा भरपूर मावते. महिनाभर पंप लावला नाही तरी गाडी जरा जड चालते, एवढंच. रोड बाईकचा टायर २५ किंवा २८ मिमी. मुळात हवा थोडी, दाब जास्त, आणि ट्यूबच्या रबरातून ती रोज थोडी थोडी झिरपतच असते. सोमवार ते शनिवार गाडी पार्किंगमध्ये नुसती उभी असली तरी रविवारी पहाटे खडकवासल्याला निघताना तिच्यात पुरेशी हवा नसते. पुढे सिंहगड रस्त्यावरचं एखादं खचलेलं चेंबर किंवा पांढरे पट्टे पुसून गेलेला गतिरोधक बाकीचं काम करतो.

"पण निघताना दाबून बघितला होता, कडक होता." हेही आम्ही रोज ऐकतो. बारीक टायर ६० पीएसआय दाबावरही अंगठ्याला कडकच लागतो. त्यामुळे अंगठ्यावर जाऊ नका, गेज बघा. आठवड्यातून एकदा तरी, आणि लांब जायचं असेल तर निघायच्या आधी.

किती भरायची? तुमचं वजन ७० किलोच्या आसपास असेल आणि टायर २८ मिमीचा असेल, तर पुढे ७० आणि मागे ७५ ते ८० पीएसआयपासून सुरुवात करा. मागच्या चाकावर वजन जास्त येतं म्हणून मागे थोडी जास्त. २५ मिमीला दोन्हीकडे साधारण १० वाढवा. वजन जास्त असेल तर त्या मानाने वर, कमी असेल तर खाली. टायरच्या बाजूला छापलेला आकडा ही कमाल मर्यादा आहे, तिथपर्यंत भरलीच पाहिजे असं नाही. "१२० भरा, मस्त पळेल" हा सल्ला देणारे मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतात. आपल्या रस्त्यांवर इतकी हवा भरली की चाक उड्या मारतं, हात बधिर होतात आणि वेगही वाढत नाही.

आता व्हॉल्व्ह. हायब्रिडला बहुतेक वेळा मोटरसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असतो, पेट्रोल पंपावरही काम भागतं. रोड बाईकचा व्हॉल्व्ह बारीक, प्रेस्टा. टोपी काढा, टोकावरचा छोटा नट उलटा फिरवून सैल करा, टोक क्षणभर दाबा, फुस्स आवाज आला पाहिजे. मग पंपाचं तोंड सरळ बसवा. तिरकं ओढलं की आतली बारीक दांडी वाकते आणि चांगली ट्यूब फुकट जाते. भरून झाल्यावर नट पुन्हा घट्ट करायला विसरू नका. पितळी अडॅप्टर लावून पेट्रोल पंपावर भरता येते, पण तिथला मुलगा कारच्या सवयीने ३५ भरून मोकळा होतो.

म्हणून रोड बाईकसोबत आम्ही गेज असलेला उभा पंप सुचवतो. काहींना वाटतं, दुकानदार बिल वाढवतोय. दुसरीकडून घेतलात तरी चालेल, फक्त तो प्रेस्टाला लागतो ना, तेवढं पाहून घ्या. आमच्याकडे घेतलेल्या गाडीची हवा आम्ही कधीही मोफत बघून देतो. आणि फ्रेममध्ये जागा असेल तिथे आम्ही २८ मिमीचेच टायर लावून देतो, २५ दिसायला कितीही देखणे असले तरी.

बाकीचे बदल अंगवळणी पडतात. हँडल लांब वाटलं तर सीट पुढे सरकवू नका, गुडघे दुखतील. गाडी घेऊन या, आम्ही स्टेम, म्हणजे हँडल धरणारा पुढचा तुकडा, बदलून बघू. पुढे पेडलपाशी तीनऐवजी दोनच गिअरच्या चकत्या आहेत, ५० आणि ३४ दातांच्या, त्यामुळे सिंहगडाच्या चढावर हायब्रिडपेक्षा दम जास्त लागेल. मागच्या चाकाला कॅसेट, म्हणजे गिअरच्या चकत्यांचा संच, सर्वांत मोठी चकती ३२ दातांची असलेली मागून घ्या, लाजू नका. गतिरोधकावर सीटवरून थोडे उठा, कोपर सैल ठेवा.

स्टँड बसवून द्या, असा आग्रह मात्र कृपया करू नका. पातळ नळीच्या फ्रेमवर स्टँडचा क्लॅम्प आवळला की नळी दबते, कार्बनची असेल तर तडकते.

आणि हायब्रिड विकायची घाई नको. बहुतेक रोड बाईकना कॅरिअर नाही, मडगार्ड नाही, मंडईतून पिशव्या लटकवून येणं जमणार नाही. पावसाळाभर दोन्ही वापरून बघा. नंतर हायब्रिड खरंच नको असेल तर बदल्यात आम्ही घेतो, फक्त भाव गाडी बघितल्यावरच सांगतो, फोनवर नाही.