मसाल्यातली वनस्पतिजन्य विषं: तपासणीसाठी अर्ज कुणी, कुठे, कसा करायचा

मार्च लागला की आमच्या सिंधुदुर्गात अंगणाअंगणांत मिरच्या वाळत पडतात आणि कांडप गिरणीपुढे पिशव्यांची रांग लागते. गेल्या मोसमात आमच्या बचत गटातल्या एका काकूंनी मोहरी सुपात घेऊन पाखडायला सुरुवात केली आणि मध्येच थांबून मला हाक मारली. मोहरीचे दाणे गुळगुळीत होते, पण त्यांत काही दाणे काळपट, खरखरीत, बारीक जाळी उमटल्यासारखे. काकूंनी एक दाणा नखाने चिरडला. मोहरी आतून पिवळी निघते, हा पांढरा निघाला. तो पिवळ्या धोत्र्याचा दाणा होता. याच धोत्र्याचं तेल मोहरीच्या तेलात मिसळलं गेलं म्हणून १९९८ मध्ये दिल्लीत जलोदरासारख्या सूज येणाऱ्या आजाराची साथ पसरली होती आणि साठाहून जास्त माणसं दगावली होती.

मोहरीतलं विष सुपात तरी दिसलं. मसाल्यातली बरीचशी विषं दिसत नाहीत, त्यांना वास नसतो, आणि भाजल्या-कुटल्याने ती जातील याचा भरवसा नाही. त्यांच्यासाठी प्रयोगशाळाच लागते. तिथे माल पाठवणं अवघड नाही. अवघड आहे ते नेमकं काय मागायचं हे ठाऊक असणं. त्यावरच मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे.

तपासायचं काय

विटकरीची पूड, रंग, पपईच्या बिया ही भेसळ झाली. वनस्पतिजन्य विष बहुतेक वेळा कुणी मुद्दाम घातलेलं नसतं. शेतात पिकाच्या शेजारी वाढलेलं तण कापणीत सोबत येतं, किंवा एका झाडाच्या जागी त्याचं दिसायला सारखं भावंड येतं.

यातलं सगळ्यात महत्त्वाचं नाव पायरोलिझिडिन अल्कलॉइड. पुढे याला पीए म्हणू. किडीपासून बचावासाठी काही झाडं हे बनवतात. आपल्याकडचा खुळखुळा, भुरुंडी, रानमोडी ही त्यातलीच. पावसानंतर सड्यावर पिवळीधमक फुलणारी सोनकीही ज्या प्रजातीत मोडते ती सेनेसिओ प्रजाती पीएसाठी जगभर ओळखली जाते. खुळखुळ्याच्या सुकलेल्या फांदीला फुलपाखरं गुच्छाने चिकटलेली तुम्ही पाहिली असतील. ते बहुतेक नर असतात आणि हेच अल्कलॉइड शोषायला आलेले असतात. माणसाच्या पोटात मात्र यकृत त्याचं रूपांतर अशा पदार्थात करतं की यकृतातल्या बारीक शिरा बुजत जातात. १९७० च्या दशकात तेव्हाच्या मध्य प्रदेशातल्या सरगुजा भागात गोंदलीच्या धान्यात खुळखुळ्याच्या जातीचं बी मिसळल्याने अशीच यकृताच्या आजाराची साथ आली होती. मसाला आपण चिमटीने खातो, धान्यासारखा वाडग्याने नाही, म्हणून तसा तडाखा मसाल्यातून बसण्याची भीती कमी. पण थोडं थोडं रोज पोटात जाणं हा वेगळा धोका आहे, कारण यातली काही संयुगं पेशींतल्या जनुकांना इजा करतात.

युरोपीय संघाने म्हणूनच मर्यादा घातल्या, त्या जुलै २०२२ पासून लागू आहेत. जिऱ्यासाठी किलोला ४०० मायक्रोग्रॅम. वाळवलेल्या पानांच्या मसाल्यांसाठीही साधारण तेवढीच, ओरेगॅनो आणि मार्जोरमसारख्या काहींना १००० पर्यंत सूट. ४०० मायक्रोग्रॅम म्हणजे किती? एका टन जिऱ्यात अर्ध्या ग्रॅमहूनही कमी विष. थोडीशी तणाची झाडं कापणीत आली तरी पोतीच्या पोती वाया जाऊ शकतात.

बाकीची नावं थोडक्यात. दालचिनीत कुमारिन, म्हणजे सालीतला एक सुगंधी पदार्थ, जास्त पोटात गेला तर यकृताला त्रास देणारा: आपल्या अन्न नियमावलीत दालचिनी वेगळी आणि तज (तिच्या भाऊबंद झाडाची जाड साल) वेगळा, आणि कुमारिन तजात भरपूर, अस्सल दालचिनीत नाममात्र. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण तेज’ ही अस्सल दालचिनीची जात आहे, पण घरी सोललेली साल जाडसर निघाली की गिऱ्हाईक तिला तज समजतं. कुमारिनचा आकडा हातात असेल तर हा वादच उरत नाही. चक्रीफुलात अनिसॅटिन: हे विष जपानी चक्रीफुलात असतं. ते दिसायला जवळपास आपल्या नेहमीच्या चक्रीफुलासारखं, आणि त्याचा काढा दिलेल्या तान्ह्या बाळांना झटके आले म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००३ मध्ये इशारा दिला होता. खसखशीत मॉर्फिन, युरोपातली मर्यादा किलोला २० मिलिग्रॅम. जायफळ-जायपत्रीत सॅफ्रोल.

जायफळाचं आणखी एक सांगितलंच पाहिजे. आपल्याकडे फळ तडकतं ते ऐन पावसात, आणि ओलं जायफळ चुलीच्या उबेवर नीट वाळलं नाही तर बुरशी धरते. त्या बुरशीचं विष ते अफ्लाटॉक्सिन. ते झाडाचं नाही, पण जायफळाचा नमुना पाठवताना दोन्ही चाचण्या एकत्र मागाव्यात. युरोपात जायफळाला एकूण अफ्लाटॉक्सिन किलोला १० मायक्रोग्रॅमपर्यंतच चालतं.

कोण अर्ज करू शकतं

तीन वाटा आहेत. आपण कोण आहोत त्यावर वाट ठरते.

पहिली वाट साध्या गिऱ्हाइकाची. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ४० नुसार विकत घेतलेला कुठलाही खाद्यपदार्थ शुल्क भरून सरकारी अन्न विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा हक्क कोणालाही आहे. अट एकच, आणि बहुतेकांचं काम तिथेच अडतं: माल घेतानाच दुकानदाराला सांगावं लागतं की हा मी तपासायला देणार आहे. घरी येऊन संशय आला तर तेच पाकीट या कलमाखाली चालत नाही. पुन्हा जाऊन, सांगून, पावती घेऊन नवं पाकीट घ्यावं. अहवालात माल कायद्यात न बसणारा निघाला तर भरलेलं शुल्क परत मिळतं आणि अहवालाची प्रत पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे (आपल्या भागात अन्न कायदा राबवणाऱ्या अधिकाऱ्याकडे) कारवाईसाठी जाते.

दुसरी वाट विकणाऱ्याची: बचत गट, घरगुती मसालेवाले, कांडप गिरणी, शेतकरी कंपनी. तुमचा माल तुम्ही अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मान्यता दिलेल्या कुठल्याही प्रयोगशाळेला थेट पाठवू शकता. परवाना असलेल्या उत्पादकाला दर सहा महिन्यांनी मालाची तपासणी करून घ्यावीच लागते. नुसती नोंदणी असलेल्या छोट्यांवर ती सक्ती नाही, पण मी म्हणेन की मोसमातून एकदा तरी करावी. तेवढा खर्च गटात वाटून घेतला तर झेपतो.

तिसरी वाट निर्यातदाराची. मसाले परदेशी पाठवायचे तर मसाला मंडळाचं निर्यातदार नोंदणी प्रमाणपत्र लागतं. मंडळाची स्वतःची गुणवत्ता प्रयोगशाळा नवी मुंबईत आहे, आणि कोकणातून माल तिकडे पोचवणं सोपं पडतं.

कागद

गिऱ्हाइकाला फार काही लागत नाही: ओळखपत्र, मालाची पावती, सीलबंद पाकीट, आणि दुकानदाराला पूर्वसूचना दिल्याचा लेखी पुरावा. पावतीच्या मागेच ‘तपासणीसाठी घेत आहे असे सांगितले’ असं लिहून त्याची सही घ्यावी. अर्ज जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात, सहायक आयुक्तांच्या नावे. तपासणी नको, नुसती तक्रार करायची असेल तर प्रशासनाचा निःशुल्क क्रमांक १८००-२२२-३६५ आहे.

विक्रेत्याने आधी नोंदणी करून घ्यावी. ती अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या फॉस्कॉस संकेतस्थळावर होते. फोटो, ओळखपत्र आणि जागेचा पुरावा लागतो. २०११ च्या नियमांत छोट्या उत्पादकाच्या नोंदणीसाठी वर्षाची उलाढाल १२ लाखांपर्यंत आणि शुल्क वर्षाला १०० रुपये धरलेलं होतं. असे आकडे बदलत असतात, म्हणून भरण्याच्या दिवशी संकेतस्थळावरच पाहावं. प्रयोगशाळेला देताना नोंदणी क्रमांक, नमुन्याचं नाव, बॅच क्रमांक, कुटल्याची किंवा काढणीची तारीख, माल कुठून आला ते, आणि चाचण्यांची यादी असलेलं पत्र.

निर्यातदाराच्या फाइलीत आयात-निर्यात संकेतांक, पॅन, जीएसटी नोंदणी, बँकेचं प्रमाणपत्र, अन्न परवाना आणि कंपनी किंवा भागीदारीची कागदपत्रं येतात.

पत्रात विषाचं नाव लिहा

आमच्या गटाने पहिल्यांदा मसाला पाठवला तेव्हा पत्रात मी एवढंच लिहिलं होतं: ‘मसाला तपासून द्यावा.’ तीन आठवड्यांनी अहवाल आला. ओलावा, राख, आम्लात न विरघळणारी राख, खाली ‘मानकांनुसार’ असा शिक्का. बायका खूश झाल्या. मीही झाले. पुढे मुंबईतल्या एका खरेदीदाराने पीएचा आकडा विचारला, तेव्हा कळलं की तो मोजलाच नव्हता. प्रयोगशाळेने फसवलं नव्हतं. मागितलं तेवढंच दिलं होतं.

म्हणून पत्रातलं वाक्य असं हवं: ‘या नमुन्यातील पायरोलिझिडिन अल्कलॉइड, युरोपीय नियम २०२३/९१५ मधील ३५ संयुगांच्या बेरजेनुसार, एलसी-एमएस/एमएस पद्धतीने मोजावेत आणि आकडा मायक्रोग्रॅम प्रति किलो असा द्यावा.’ एलसी-एमएस/एमएस म्हणजे अगदी बारीक प्रमाणातले पदार्थ वेगळे करून मोजणारी यंत्राची पद्धत. दालचिनीसाठी तसंच कुमारिन, चक्रीफुलासाठी अनिसॅटिन, खसखशीसाठी मॉर्फिन. मागायचा तो आकडा, नुसतं ‘पास’ नव्हे. याला कारण आहे. आपल्या २०११ च्या नियमावलीत नैसर्गिक विषांचा जो तक्ता आहे त्यात चारच नावं आहेत: अगॅरिक आम्ल, हायड्रोसायनिक आम्ल, हायपेरिसिन आणि सॅफ्रोल. सॅफ्रोलची मर्यादा दहा लाखांत १० भाग. ज्या विषाची मर्यादाच तक्त्यात नाही, त्यावर ‘पास’ या शब्दाला अर्थ नाही. मर्यादा नाही म्हणून मोकळीक आहे असंही समजू नये. विषारी पदार्थ असलेलं अन्न ‘असुरक्षित’, हे कायद्याच्या व्याख्येतच आहे.

प्रयोगशाळा निवडताना तिच्या एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेची व्याप्ती, म्हणजे कशात काय मोजायची मान्यता आहे ते, बघा. ही यादी जाहीर असते. त्यात ‘मसाले’ या सदराखाली तुमच्या विषाचं नाव दिसलं तरच नमुना द्या. पाणी किंवा दुधात ते मोजायची मान्यता असली म्हणून मसाल्यात चालत नाही. मसाल्यातली तेलं आणि रंग यंत्राला गोंधळात टाकतात. बाजारात येणारी तपासणी गाडी रंग आणि भुसा ओळखायला चांगली आहे, पण इतक्या बारीक प्रमाणातलं अल्कलॉइड तिथे सापडणार नाही.

नमुना काढणं

तणाचं बी पोत्यात सारखं पसरलेलं नसतं. वरची एक मूठ पाठवली तर अहवाल त्या मुठीचा येतो, पोत्याचा नाही. प्रत्येक पोत्यातून वर, मध्ये आणि तळाशी थोडं थोडं काढायचं, स्वच्छ ताडपत्रीवर एकत्र ढवळायचं, ढीग करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवून दोन बाजूला करायचे, आणि अर्धा-एक किलो उरेपर्यंत हेच करत राहायचं. त्यातले दोन भाग सीलबंद करा: एक प्रयोगशाळेला, एक आपल्या कपाटात. नमुना नीट काढला जातोय की नाही हे मी स्वतः उभी राहून बघते, कारण इथे घाई झाली तर पुढचा सगळा खर्च फुकट जातो.

तण शेतातच काढलेलं बरं, पण काढून तिथेच टाकू नका. रानमोडी किंवा खुळखुळा उपटून ओळीत आच्छादन म्हणून पसरवायची आपल्याकडे सवय आहे. कुजताना त्यातलं अल्कलॉइड मातीत उतरतं आणि शेजारच्या पिकाची मुळं ते ओढून घेतात, हे अभ्यासांत दिसलेलं आहे. फुलावर येण्याआधी उपटा आणि बांधाबाहेर न्या.

अहवाल आल्यावर

सरकारी विश्लेषकाला नमुना मिळाल्यापासून १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. अधिकाऱ्याने तुमच्या दुकानातून घेतलेला नमुना नापास झाला तर ३० दिवसांत पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. त्यांना पटलं तर नमुना निर्देशित (फेरतपासणीच्या) प्रयोगशाळेकडे जातो आणि तिथला निकाल अखेरचा. अधिकारी नमुना घेतात तेव्हा त्याचे चार भाग करतात. चौथा भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवा अशी मागणी त्याच वेळी लेखी करायचा हक्क तुम्हाला आहे. नंतर आठवून उपयोग नाही.

अहवालात तीन गोष्टी वाचा: बॅच क्रमांक तुमचाच आहे ना, पद्धत कोणती वापरली, आणि ‘आढळले नाही’ लिहिलं असेल तर त्याच्याशेजारी मोजण्याची किमान पातळी किती दिली आहे. ती पातळी मर्यादेच्या वर असेल तर ‘आढळले नाही’ याला काही किंमत नाही. पुन्हा मोजून द्या असं लेखी सांगा. कपाटातलं पाकीट तोवर फोडू नका.