कोरियाच्या भांड्यांचा पांढरा रंग शोकाचा नाही

कोरियाची पांढरी भांडी म्हणजे सोसलेल्या दुःखाचा रंग, असं १९२० च्या सुमारास जपानी कलाचिंतक यानागी सोएत्सु यांनी, तेही कोरियावरच्या प्रेमापोटी, मांडलं. आजही तेच सांगितलं जातं. ते पटण्यासारखं नाही. कोरियातल्या जोसन राजघराण्याच्या दरबारात राजा सेजोंगच्या काळात (१४१८-१४५०) पांढरी पोर्सेलीन (चिनी मातीची भांडी) राजाच्या पंगतीला होती. साधेपणा हा कन्फ्यूशियन शिकवणीत राज्यकर्त्याचा गुण.

अठराव्या शतकातला 'चंद्रघट', म्हणजे चंद्रासारखा गोल पांढरा घट, जवळून बघा. चाकावर घडवलेले दोन मोठे वाडगे तोंडाला तोंड लावून जोडलेले, पोटावर सांध्याची पुसट खूण, गोलाई किंचित कललेली. कुंभारानं ती तशीच राहू दिली. यात रडगाणं कुठलं? आणि मिन्हवा या कोरियन लोकचित्रांतला वाघ तर चक्क मिश्कील असतो. तिथल्या बौद्ध मंदिरांचे वासेही लाल-हिरव्या रंगांनी भरलेले असतात.