मिश्रमाध्यम पुष्पफलक

ताणलेल्या कॅनव्हासवर किंवा जाड पुठ्ठ्यावर रंग, शाई, पोतलेप (पृष्ठभागाला उंचसखल पोत देणारा घट्ट लेप), छापील कागदाचे कपटे आणि कागदाची घडवलेली फुले व फुलपाखरे एकत्र बसवून केलेली उठावदार चित्ररचना. कागद चिकटवून केलेल्या सपाट चित्राला मराठी परिभाषेत ‘चिक्कणितचित्र’ असा शब्द आहे. बोलण्यात मात्र ‘कोलाज’ हाच रूढ झाला. पुष्पफलकातली फुले फलकाच्या पृष्ठभागापासून बोट-दोन बोटे पुढे येतात आणि त्यांची सावली चित्रावर पडते. म्हणून ही रचना कोलाज आणि ‘असेंब्लेज’ (वस्तू जुळवून केलेली त्रिमित रचना) यांच्या सीमेवर येते. ‘मिश्रमाध्यम’ ही संज्ञा व्यापक आहे आणि एकाच कृतीत दोन किंवा अधिक माध्यमे आली की ती लावता येते.

उगमाचा प्रश्न : या प्रकाराचे मूळ कोठे धरावे याबद्दल एकमत नाही. कलेतिहासाच्या बहुतेक ग्रंथांत आरंभबिंदू १९१२ हा दिला जातो. त्या वर्षीच्या मे महिन्याच्या सुमारास पाब्लो पिकासो यांनी एका लहान लंबवर्तुळाकार कॅनव्हासवर वेताच्या विणीचे चित्र छापलेले मेणकापड चिकटवले, त्याच्या आजूबाजूला तैलरंगात वस्तुचित्र रंगवले आणि चौकटीच्या जागी दोर गुंडाळला. त्याच वर्षी सप्टेंबरात झॉर्झ ब्राक यांनी फ्रान्सच्या दक्षिणेकडील सोर्ग येथे राहत असताना आव्हिन्यों शहरातल्या दुकानातून लाकडाच्या रेषांची नक्कल असलेला भिंतकागद आणला आणि कोळशाच्या रेखाटनात त्याच्या पट्ट्या बसवल्या. पहिले कोलाज पिकासोचे आणि पहिले ‘पाप्ये कोले’, म्हणजे निव्वळ कागद चिकटवलेले चित्र, ब्राकचे, अशी वाटणी सर्वसाधारणपणे मान्य आहे. अमेरिकन समीक्षक क्लेमंट ग्रीनबर्ग यांनी या घटनेला घनवादाच्या (क्युबिझम) आणि पर्यायाने संपूर्ण आधुनिक कलेच्या वाटचालीतले मोठे वळण मानले, आणि पुढच्या लेखनावर त्या मताची छाप दीर्घकाळ राहिली.

या मताचा पाया असा, की घनवाद्यांच्या चित्रात चिकटवलेला कागद हा कागदच राहतो. तो दुसऱ्या कशाचे सोंग घेत नाही, किंवा घेतलेच तर ते सोंग आहे हे दाखवून देतो. त्यापूर्वीचे कागदकाम या दृष्टीने ‘नक्कल’ किंवा ‘घरगुती करमणूक’ ठरते. हा भेद महत्त्वाचा आहे, पण त्यावरून काळाची रेघ ओढणे कठीण आहे. जपानमध्ये रंगवलेले कागद फाडून व जोडून त्यांवर कविता लिहिण्याची रीत होती. क्योतोच्या निशी होंगान्जी मंदिराच्या संग्रहातील छत्तीस कवींच्या काव्यपोथ्या इ. स. १११२ च्या सुमारास सिद्ध झाल्या असाव्यात, असे मानले जाते. अठराव्या शतकात व्हेनिसमध्ये छापील चित्रे कापून फर्निचरवर चिकटवत व त्यांवर रोगणाचे थर देत. पण फुलांच्या फलकाशी थेट नाते लागते ते दोन वेगळ्याच धाग्यांचे, आणि ते दोन्ही १९१२ च्या बरेच आधीचे आहेत.

पहिला धागा फुलपाखरांचा. ओटो मार्सेउस व्हान स्ख्रीक (मृत्यू १६७८) हा डच चित्रकार रानाच्या तळाशी वाढणाऱ्या वनस्पती, साप, सरडे आणि फुलपाखरे रंगवत असे. त्याच्या काही चित्रांच्या तपासणीत असे आढळले, की फुलपाखराच्या जागी त्याने खऱ्या फुलपाखराचा पंख ओलसर लेपावर दाबला आणि पंखावरचे खवले तेथेच चिकटू दिले. मग उरलेले बारकावे कुंचल्याने पुरे केले. फुलपाखराच्या पंखाचा रंग या सूक्ष्म खवल्यांतच असतो. पंखाला बोट लागले की बोटावर जी पूड येते ती हीच. म्हणजे सतराव्या शतकातच चित्रित वस्तूचा खरा अंश चित्रात आला होता. याला मिश्रमाध्यम म्हणावे काय, हा वादाचा मुद्दा आहे. स्ख्रीकला ते तंत्र लपवायचे होते, दाखवायचे नव्हते. तरी साहित्य आणि कृती पाहता ‘होय’ हेच उत्तर अधिक सयुक्तिक वाटते.

दुसरा धागा मेरी डिलेनी (१७००–८८) यांचा. दुसऱ्या पतीच्या निधनानंतर (१७६८) त्या इंग्लंडमधील बुलस्ट्रोड येथे पोर्टलंडच्या डचेसकडे बराच काळ राहत. तेथे एका तांबड्या कागदाचा आणि जिरेनियमच्या पाकळीचा रंग हुबेहूब जुळतो हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी कागदाची पाकळी कापली आणि तिथून या कामाला सुरुवात झाली, अशी हकिगत सांगतात. आरंभाच्या वर्षाबद्दल मात्र त्यांच्याच लेखनात मेळ नाही. ऑक्टोबर १७७२ मध्ये भाचीला लिहिलेल्या पत्रात त्या फुलांची नक्कल करण्याची नवी रीत शोधल्याचे कळवतात. संग्रहाच्या शीर्षकपानावर मात्र १७७४ हे वर्ष दिले आहे आणि प्रस्तावनेत ‘वयाच्या ७४ व्या वर्षी’ आरंभ केल्याचे म्हटले आहे. पत्र त्या वेळचे आणि प्रस्तावना काही वर्षांनंतरची, म्हणून १७७२ ग्राह्य धरणे योग्य. १७७४ हे कदाचित पद्धतशीर संग्रह हाती घेतल्याचे वर्ष असावे.

डिलेनी आपल्या कामाला ‘कागदी मोझाइक’ म्हणत. काळ्या रंगाचे हात दिलेल्या कागदावर शेकडो बारीक तुकडे एकावर एक चिकटवून त्या एकेक वनस्पती उभी करत. पाकळीवरची सावली रंगवायची झाली तर तेथे गडद छटेचा केसाएवढा कागद येई. पानाची शीर म्हणजे फिक्या कागदाचा दोरा. १७७७ मधील एका कृष्णकमळाच्या जातीच्या चित्रात (पॅसिफ्लोरा लॉरिफोलिया) केवळ फुलातच २३० हून अधिक तुकडे मोजले गेले आहेत. काही चित्रांत त्यांनी खरे वाळलेले पान किंवा देठाचा अंशही बसवला, त्यामुळे ही चित्रे काटेकोर अर्थानेही मिश्रमाध्यमात मोडतात. रंगाऱ्यांकडचे डाग पडलेले कागद आणि उरलेसुरले भिंतकागद त्या वापरत, आणि चिकटवण्यासाठी बहुधा पिठाची खळ, असा तज्ज्ञांचा कयास आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स यांनी तर, चुकीची भीती न बाळगता ज्यांवरून वनस्पतीचे वर्णन करता येईल अशा निसर्गाच्या नकला आपण फक्त याच पाहिल्या, असे म्हटल्याचे नोंदलेले आहे. दृष्टी मंदावल्यामुळे १७८२ मध्ये काम थांबले, तोवर ९८५ चित्रे झाली होती. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. बहात्तराव्या वर्षी हाती घेतलेले काम दहा वर्षांत या संख्येला पोचले, ही गोष्ट केवळ ‘करमणूक’ या शब्दात बसत नाही, आणि कोलाजच्या इतिहासात तिला तळटीपेत टाकणे अन्यायाचे आहे.

विसाव्या शतकात हे दोन धागे पुन्हा दिसतात. फ्रेंच चित्रकार झाँ द्युब्युफे यांनी १९५३ मध्ये खऱ्या फुलपाखरांचे पंख चिकटवून चित्रमालिका केली. ‘असेंब्लेज’ हा शब्द कलाव्यवहारात आणला तो त्यांनीच. ‘कोलाज’ हे नाव १९१०–२० या काळातील कृतींपुरते राखून ठेवावे, असे त्यांचे मत होते. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९६१ मध्ये भरवलेल्या प्रदर्शनामुळे ‘असेंब्लेज’ ही संज्ञा स्थिरावली. भारतात शांतिनिकेतनचे बिनोदबिहारी मुखर्जी (१९०४–८०) यांनी दृष्टी पूर्ण गेल्यावर स्पर्शाच्या आधारे रंगीत कागद कापून कोलाज केले. भारतात खऱ्या पंखांचा वापर हा कायद्याचाही प्रश्न आहे : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या परिशिष्टांत फुलपाखरांच्या अनेक जाती येतात.

साहित्य व कृती : बाजारातला कॅनव्हास बहुधा लेप दिलेलाच असतो. तरी वर आणखी एक-दोन हात गेसो (रंगाआधी द्यायचा पांढरा तळलेप) देतात. जुना गेसो म्हणजे खडूची पूड आणि सरस. तो कडक असल्याने ताणलेल्या कापडावर तडकतो. हल्लीचा गेसो ॲक्रिलिक राळेचा असतो आणि तो कापडाबरोबर लवतो. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग १९५० च्या दशकात बाजारात आले. आजचा पुष्पफलक त्यांच्यावरच उभा आहे. फुलांचे वजन पडून कापड मधोमध झोळ धरते, म्हणून मागच्या लाकडी चौकटीत बसेल असा पुठ्ठा आधाराला लावावा.

गेसोवर कागदाचे कपटे चिकटवून तळ तयार करतात, त्यावर साच्यातून पोतलेप ओढतात आणि पुन्हा पातळ गेसोचा हात देऊन तळ फिका करतात, म्हणजे फुले त्यातून उठून दिसतात. शाई फवारायची ती फुले बसवण्यापूर्वी. क्रेप कागदाचा रंग पाण्याचा थेंब पडताच पसरतो.

फुलाची घडण कागदाच्या धाग्यावर अवलंबून असते. यंत्रावर तयार झालेल्या कागदात तंतू बव्हंशी एका दिशेला असतात. ओल लागली की तंतू लांबीपेक्षा रुंदीत कितीतरी अधिक फुगतो, त्यामुळे कागद तंतूंना आडवा पसरतो आणि कडा वळतात. पाकळी सुईवर किंवा कातरीच्या पात्यावर वळवताना वळण तंतूंच्या दिशेला समांतर ठेवले तर ते सहज येते, आडवे घेतले तर चुणी पडते. क्रेपमध्ये सुरकुत्या पाकळीच्या उभ्या अंगाला ठेवतात. मग मधला भाग दोन अंगठ्यांनी हलकेच ताणला की पाकळीला वाटीसारखा खोलगटपणा येतो. गुलाब बसवताना फक्त बुडाला गोंद लावतात. फुलपाखराचेही तसेच : गोंदाची रेघ फक्त धडाखाली, पंख मोकळे. पंख मधोमध दुमडून किंचित वर उचलले की खाली सावली पडते. पूर्ण चिकटवलेले फुलपाखरू ठशासारखे दिसते.

महाराष्ट्रातील संदर्भ : पुष्पफलक हा प्रकार येथे अलीकडचा आहे, पण त्याचे घटक जुने आहेत. लग्नातले बाशिंग हे भेंड (पाणथळीतल्या वनस्पतीचा पांढरा, हलका गर), कागद, बेगड आणि मोती यांचे जुळणीकाम असते. ताबुतांवरची आणि गणपतीच्या मखरावरची कागदी फुले, घोटीव कागदाच्या झिरमिळ्या ही त्याच हातची कामे. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आल्यावर मखरात कागद-पुठ्ठा पुन्हा पुढे आला. हातकागदाची परंपराही येथे आहे : जुन्नर आणि दौलताबादजवळचे कागजीपुरा ही त्याची जुनी केंद्रे, तर पुण्याची हातकागद संस्था १९४० ची. चिंध्यांपासून केलेल्या या कागदात तंतू सर्व दिशांना विखुरलेले असल्याने पाकळी कोणत्याही बाजूने वळते.

टिकाऊपणा : वर्तमानपत्राचा कागद तळात वापरू नये. त्यातील लिग्निनमुळे (लाकडातला एक घटक) तो उन्हात पिवळा पडतो आणि आम्लामुळे ठिसूळ होतो. खळ स्वस्त व उलटवता येण्याजोगी असली तरी तिला कसर लागते. ते टाळण्यासाठी बुकबांधणीवाले खळीत मोरचूद घालत. कीड थांबे, पण तांब्याचे अंश कागदाच्या ऱ्हासाला हातभार लावतात, म्हणून फुलांच्या कामात ती रीत नको. पांढरा गोंद किंवा ॲक्रिलिक जेल बरा. कोकणात पावसाळ्यात अशा फलकांना बुरशी धरते. काचेची खोल चौकट करायची तर काच फुलांना टेकू नये इतके अंतर ठेवावे आणि फलक बाहेरच्या ओल्या भिंतीवर न लावता घरातल्या मधल्या भिंतीवर लावावा. काच नसेल तर धूळ कोरड्या, मऊ कुंचल्याने, देठाकडून पाकळीच्या टोकाकडे झटकतात.