केली मॅक्डोनाल्ड

केली मॅक्डोनाल्ड (जन्म : २३ फेब्रुवारी १९७६, ग्लासगो) या स्कॉटलंडच्या चित्रपट, दूरचित्रवाणी आणि ध्वनिअभिनयातील अभिनेत्री आहेत. संयत चेहरा आणि बोलीवरची विलक्षण पकड हे त्यांचे बळ. त्यांच्या भूमिका बहुधा कमी बोलणाऱ्या बायकांच्या असतात. म्हणूनच, त्या बोलतात तेव्हा कान टवकारले जातात.

अभिनयाचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेले नाही. ग्लासगोत बारमध्ये काम करत असताना एका चित्रपटासाठी खुली निवडचाचणी होणार असल्याचे पत्रक त्यांच्या हाती पडले. तो चित्रपट होता डॅनी बॉईल यांचा ‘ट्रेनस्पॉटिंग’ (१९९६). त्यातल्या डायॅन या मुलीच्या भूमिकेने त्यांची ओळख झाली. क्लबबाहेर ओळख काढू पाहणाऱ्या नायकाला ही मुलगी एका दमात सडेतोड सुनावते आणि टॅक्सीत जाऊन बसते. पहिल्याच चित्रपटात इतके लांब वाक्य इतक्या सहज पेलणे सोपे नव्हते.

रॉबर्ट ऑल्टमन यांच्या ‘गॉसफर्ड पार्क’ (२००१) मध्ये त्या मॅगी स्मिथ यांच्या उमरावणीची तरुण दासी मेरी झाल्या. चित्रपटाच्या सुरुवातीलाच बाईसाहेबांना गाडीत थर्मासचे झाकण उघडत नाही. गाडी थांबते आणि मेरी धो धो पावसात उतरून ते उघडून देते. मालक-नोकर हे नाते कळायला तेवढे पुरते. नामवंतांच्या त्या गर्दीत खुनाचा उलगडा होतो तोही याच मुलीला.

दिग्दर्शक डेव्हिड येट्स यांच्याशी त्यांचे चांगले जमले. ‘स्टेट ऑफ प्ले’ (२००३) ही मालिका, मग ‘द गर्ल इन द कॅफे’ (२००५) हा दूरचित्रपट आणि पुढे हॅरी पॉटर मालिकेच्या शेवटच्या भागातील (२०११) हेलेना रेव्हनक्लॉचे भूत, ही सगळी कामे येट्स यांच्याकडची. ‘द गर्ल इन द कॅफे’साठी त्यांना एमी पुरस्कार मिळाला. ‘बोर्डवॉक एम्पायर’ (२०१०–१४) या अमेरिकी मालिकेत त्यांनी मार्गारेट ही आयरिश विधवा रंगवली.

कोएन बंधूंच्या ‘नो कंट्री फॉर ओल्ड मेन’ (२००७) मधील कार्ला जीन टेक्ससची. ग्लासगोची मुलगी तिथला हेल असा काढते की परकेपणा जाणवत नाही. मारेकरी नाणे उडवून तिला छापा की काटा विचारतो आणि ती कौल मागायलाच नकार देते. निर्णय नाण्याचा नाही, तुझा आहे, असे ती हळू आवाजात त्याला सांगते. त्या चित्रपटातले हे सर्वांत धाडसी वाक्य म्हणायला हवे. या भूमिकेसाठी त्यांना बाफ्टा नामांकन मिळाले.

पिक्सार या ॲनिमेशन कंपनीच्या ‘ब्रेव्ह’ (२०१२) मध्ये मात्र त्यांचा स्वतःचा सूर मोकळा सुटला. मेरिडा ही पिक्सारच्या चित्रपटांतील पहिली स्त्री-नायिका. आधी या भूमिकेसाठी रीझ विदरस्पून यांचे नाव जाहीर झाले होते. तारखा जुळल्या नाहीत आणि ती मॅक्डोनाल्ड यांच्याकडे आली. हे उत्तमच झाले. स्कॉटलंडच्या डोंगराळ प्रदेशातील राजकन्येला तिथलाच आवाज मिळाला आणि आईशी वाद घालताना चढणारा तिचा सूर खरा वाटला. ‘ब्रेव्ह’ला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. ‘राल्फ ब्रेक्स द इंटरनेट’ (२०१८) मध्ये मेरिडा परत आली, तेव्हा तिची दाट स्कॉट बोली डिस्नेच्या इतर राजकन्यांना कळतच नाही, अशी गंमत केलेली आहे.

भारतीय प्रेक्षकांना जवळचा वाटावा असा त्यांचा चित्रपट म्हणजे ‘पझल’ (२०१८). त्यात त्यांच्यासोबत इरफान खान आहेत. त्यांची ॲग्नेस घर सजवते, पाहुण्यांना वाढते, केक आणते, मेणबत्त्या लावते. मग लक्षात येते की वाढदिवस तिचाच आहे. पुढे चित्रांचे तुकडे जुळवण्याच्या स्पर्धेसाठी ती इरफान यांच्या रॉबर्टची जोडीदार होते. समोरच्याचे ऐकून घेण्यात दोघेही तरबेज, त्यामुळे त्यांच्या प्रसंगांतील शांतताही बोलते.

‘लाइन ऑफ ड्यूटी’ या ब्रिटिश मालिकेच्या सहाव्या पर्वात (२०२१) त्या संशयाच्या भोवऱ्यात सापडलेल्या पोलीस अधिकारी जो डेव्हिडसन झाल्या. चौकशीत प्रश्नांमागून प्रश्न येतात आणि जो ‘काही सांगायचे नाही’ एवढेच म्हणत राहते. शब्द तेच, पण दर वेळी आवाज थोडा अधिक थकलेला.